थारला जादा स्विच: नवशिक्यांसाठी सोपी मार्गदर्शिका

ज्यांच्याकडे थार, जिम्नी, गुरखा यांपैकी काही आहे किंवा एखादी जुनी जिप्सी हौसेने सांभाळलेली आहे, आणि कंपनीने डॅशबोर्डवर दिलेली बटणं कमी पडतात असं ज्यांना रात्री अंथरुणात पडल्यावर वाटतं, त्यांच्यासाठी ही मार्गदर्शिका आहे. विजेचं पूर्वज्ञान लागत नाही. घरात दिवे गेले की आधी शेजाऱ्यांचे गेलेत का ते बघणारी मंडळी या कामाला सर्वांत योग्य. त्यांना भलत्या शंका येत नाहीत.

साहित्य असं: स्विचचं पॅनेल, रिले, फ्यूज, वायर, लग, क्रिंपिंगची पक्कड, हीट श्रिंक स्लीव्ह, मल्टिमीटर, एक मोकळा रविवार आणि दुपारी दीड वाजता गॅलरीतून "जेवायला येताय ना?" असं विचारणारं घरातलं कुणीतरी. त्यावर "हे काय, झालंच" असं उत्तर द्यायचं असतं. ते संध्याकाळी साडेपाचपर्यंत पुरतं.

पायरी पहिली: पॅनेल विकत घ्या

काय जोडायचं आहे, ते किती वीज खाणार आहे, वायर कुठून जाणार आहे, हे सगळं नंतर. आधी पॅनेल. ते चार, सहा किंवा आठ स्विचचं मिळतं. चारचं घेऊ नका. चार स्विच बघून माणसाला खरोखरच काहीतरी गरज असावी असा लोकांचा समज होतो. पुण्यात असाल तर नाना पेठेत जा, मुंबईत असाल तर कुर्ल्याच्या सीएसटी रोडला. दुकानदार विचारेल, "साहेब, काय काय लावायचंय?" चेहरा गंभीर ठेवून "बघू" म्हणा. तो असे "बघू" रोज ऐकतो. आठचंच काढून देईल.

अमेरिकेतल्या लोकांची या बाबतीत फार अडचण होते. तिकडच्या फोर्ड ब्रॉन्कोला आरशाच्या वर, छतालगत, सहा जादा स्विच कंपनीतूनच येतात आणि त्यांच्या वायरी आधीच ओढून ठेवलेल्या असतात. जीप रँग्लरला असे चार स्विच मागवता येतात. त्यातले दोन ४० अँपिअरचे आणि दोन १५ चे. मालकाने फक्त वायरीचं टोक शोधून दिवा जोडायचा. यात कसलं आलंय कर्तृत्व? नाशिकला तयार झालेल्या थारला मालकाने स्वतः एक भोक पाडल्याखेरीज ती आपली वाटत नाही.

पॅनेलबरोबर चिकटवायच्या पट्ट्यांचा एक कागद येतो. लाइट बार, रॉक लाइट, विंच, एअर कंप्रेसर, आणि एक हमखास 'झॉम्बी लाइट्स'. ही थट्टा नाही, असा छापील स्विच खरंच मिळतो. आपल्याकडे झॉम्बींचा त्रास नाही, पण रात्री वाट चुकवून त्याच शेताला तीन चकरा मारायला लावणारा चकवा आहे. त्याच्या नावाची पट्टी अजून कुणी छापलेली नाही. धंद्याची संधी आहे, बघा.

पट्ट्या कामाआधी चिकटवायच्या की नंतर, यावर दोन पंथ आहेत. आधी चिकटवणारे पुढे कंप्रेसरच्या बटणावर फॉग लाइट लावतात. नंतर चिकटवू म्हणणारे कधीच चिकटवत नाहीत, आणि मग गाडी दुसऱ्याच्या हाती दिली की तो वायपर शोधता शोधता गाडीखालचे दिवे पेटवतो.

पॅनेल कुठे बसवायचं? जिथे बसल्या जागी हात पोचतो आणि गुडघा पोचत नाही, तिथे. गिअरच्या बाजूला लावलं की शेजारी बसलेल्या सासरेबुवांचा गुडघा खड्ड्यागणिक कंप्रेसर चालू करतो. समोरच्या काचेलगतच्या खांबावर, ज्याला ए-पिलर म्हणतात, बसवायचा मोह होतो. पण सहा एअरबॅग असलेल्या गाडीत त्या आवरणाच्या मागून पडद्याची एअरबॅग जाते. तिथे स्क्रू मारू नका आणि तिच्यावरून वायरही नेऊ नका. आणखी एक. पॅनेलच्या स्विचमध्ये निळा दिवा असतो. दुकानात तो देखणा दिसतो. अंधाऱ्या पायवाटेवर आठ निळे दिवे डोळ्यांखाली जळत असले की समोरचा रस्ता दिसत नाही, पॅनेल मात्र उत्तम दिसतं. त्या दिव्याची वायर पार्किंग लाइटवर घेऊन मध्ये मंद करायची सोय ठेवा, किंवा ती जोडूच नका.

पायरी दुसरी: स्विचला काम शोधा

आठ स्विच झाले. आता त्यांना नोकऱ्या लावायच्या. पहिल्यावर छतावरचा लाइट बार. दुसऱ्यावर बंपरचे फॉग लाइट. तिसऱ्यावर गाडीखालचे रॉक लाइट; हे दगडधोंड्यांतून चाक कुठे पडतंय ते दाखवण्यासाठी असतात, पण बहुतेकांकडे सोसायटीच्या पार्किंगमधल्या फरशीचा रंग दाखवतात. चौथ्यावर टायरमध्ये हवा भरायचा कंप्रेसर. ही चारांतली सर्वांत उपयोगी वस्तू. वाळूत किंवा चिखलात उतरताना टायरची हवा ३० वरून १८ पीएसआयपर्यंत उतरवली की टायर पसरतो, पकड वाढते आणि निम्म्या अडचणी विंचपर्यंत पोचतच नाहीत. डांबरी रस्त्याला लागताना मात्र हवा परत भरावी लागते, आणि तिथे पंक्चरवाला नसतो.

पाचव्या स्विचवर विंच लावायचा विचार मनात आला असेल, तर तो तिथेच ठेवा. ९५०० पौंडांचा, म्हणजे साधारण ४३०० किलो ओढणारा विंच पूर्ण ताणावर ४०० अँपिअरच्या आसपास खेचतो. त्याला बॅटरीपासून अंगठ्याएवढी जाड स्वतंत्र केबल लागते, स्वतःचा कॉन्टॅक्टर लागतो, मध्ये हाताने तोडता येईल असा आयसोलेटर लागतो आणि ओढताना इंजिन चालू लागतं. पॅनेलवरच्या बटणाने फार तर त्या कॉन्टॅक्टरला हुकूम द्यावा.

सहाव्यावर निरनिराळ्या सुरांत वाजणारा हॉर्न लावणारे आहेत. केंद्रीय मोटार वाहन नियमांतल्या ११९ व्या नियमाने तो मना आहे. सातवा आणि आठवा स्विच रिकामा राहतो. कुणी विचारलं तर "पुढच्या कामासाठी ठेवलाय" असं सांगायचं.

पायरी तिसरी: भागाकार

या पायरीला आठवीचं गणित पुरतं. वॅटला १२ ने भागलं की अँपिअर येतात. ५५ वॅटचे दोन हॅलोजन म्हणजे ११० वॅट, म्हणजे सव्वानऊ अँपिअर. १२० वॅटचा बार म्हणजे १०. चांगला कंप्रेसर ३० च्या घरात जातो. रॉक लाइट दोन-तीन अँपिअरांत भागतात.

अडचण वॅटच्या आकड्यातच आहे. स्वस्त बारच्या खोक्यावर ३०० वॅट लिहिलेलं असतं. खोक्यावरचे वॅट म्हणजे लग्नाच्या बायोडेटातली उंची. मोजून घेतल्याशिवाय पुढे जाऊ नये. दहा अँपिअरपर्यंतचा प्रवाह साध्या मल्टिमीटरनेही मोजता येतो, लाल वायर १० अँपिअरच्या भोकात लावली तर. मोजणारे फार थोडे. ३०० वॅटचा बार आहे असं चार जणांना सांगून झाल्यावर तो ७० चा निघावा, हे कुणाला हवंय?

अँपिअर कळले की वायर ठरते. इथे घरातल्या वायरिंगमधून उरलेलं रीळ बाहेर येतं. "तांब्याचीच आहे की!" हे खरं, पण घरातली वायर भिंतीत निवांत पडून राहायला केलेली असते. बोनेटखालच्या उष्णतेत तिचं आवरण आधी मऊ पडतं आणि मग कडक होऊन तडकतं. गाडीची वायर बारीक तारांच्या पुष्कळ पदरांची आणि तापमान सोसणाऱ्या आवरणाची घ्यावी. जाडीतही काटकसर नको. दीड स्क्वेअर एमएमची वायर जाऊन-येऊन सहा मीटर झाली आणि तिच्यातून १० अँपिअर गेले, तर वाटेतच पाऊण व्होल्टच्या आसपास हरवतो. हॅलोजनच्या बाबतीत तेवढ्याने उजेडाचा जवळजवळ पाचवा हिस्सा कमी होतो. दिवा बदलून बघतात, बल्ब बदलून बघतात, बॅटरीला शिव्या देतात. वायरकडे कुणी बघत नाही. अडीच स्क्वेअर एमएम घेतली असती तर विषय मिटला असता.

पायरी चौथी: फ्यूज

बहुतेकांच्या कामात ही पायरी नसते. त्यामुळे आपण इथे जरा थांबू.

फ्यूज दिवा वाचवण्यासाठी आहे असा सार्वत्रिक समज आहे. फ्यूज वायर वाचवण्यासाठी असतो. दिवा जळला तर दोन-पाच हजारांचं नुकसान. वायर जळली तर गाडी जाते, आणि ती कुठे उभी आहे त्यावर आणखी काय काय जातं ते ठरतं. बारा व्होल्टचा हाताला झटका बसत नाही, म्हणून ही वीज निरुपद्रवी आहे असं वाटतं. पण त्याच बॅटरीने थंडीत डिझेल इंजिन फिरवायला शेकडो अँपिअर दिलेले असतात. प्लसची वायर सोलली जाऊन गाडीच्या पत्र्याला टेकली, तर तेच शेकडो अँपिअर तुमच्या अडीच स्क्वेअर एमएममधून निघतात. आवरणावर आधी तेलकट चमक येते, मग फोड येतात, मग गोडसर, घशात अडकणारा जळका वास केबिनमध्ये येतो. त्या क्षणी माणूस घाईने स्विच बंद करतो. काही होत नाही. शॉर्ट स्विचच्या अलीकडे आहे. स्विच त्या वाटेवर नाहीच.

म्हणून फ्यूज बॅटरीच्या प्लसपासून वीतभर अंतरात बसवायचा. वायरचा जो तुकडा बॅटरी आणि फ्यूज यांच्यामध्ये असतो, त्याला कुणी वाली नसतो. तो जितका आखूड तितका बरा. सोयीचं काय, तर फ्यूज डॅशबोर्डखाली, बदलायला हाताशी. मग बॅटरीपासून केबिनपर्यंतची दोन मीटर वायर तापत्या इंजिनाच्या कडेकडेने, पत्र्यांच्या धारांवरून, बेवारस जाते. ही मांडणी मी इतक्या गाड्यांत पाहिली आहे की आता बोनेट उघडल्यावर आधी तेवढंच बघतो.

फ्यूज किती अँपिअरचा? वस्तू जितकं खाते त्याहून पाव हिस्सा जास्त, आणि वायर जितकं सोसते त्याहून कमी. दहाच्या बारला पंधराचा. गाडीतले पात्याचे फ्यूज रंगाने ओळखता येतात: १० लाल, १५ निळा, २० पिवळा, २५ पांढरा पारदर्शक, ३० हिरवा.

आता फ्यूज उडाल्यावर काय करायचं ते. फ्यूज उडाला, याचा अर्थ कुठेतरी काहीतरी बिघडलं आहे आणि फ्यूजने ते कळवलं आहे. आपल्याकडे मात्र त्याचा अर्थ 'फ्यूज कमजोर होता' असा घेतात. निळा काढून पिवळा घालतात. पिवळाही गेला की हिरवा. हिरवाही गेला, तर टपरीवरचा अनुभवी माणूस सिगारेटच्या पाकिटातली चांदी गुंडाळून देतो आणि म्हणतो, "आता नाही उडणार." तो खरं बोलतो. ती नाही उडणार, वायर उडेल.

पायरी पाचवी: रिले

स्विचच्या पाठीवर '२० अँपिअर १२ व्होल्ट' असं कोरलेलं असतं. त्यावर श्रद्धा ठेवून दहा अँपिअरचा बार थेट स्विचमधून नेला, तर काही महिने उत्तम चालतो. मग स्विच दाबल्यावर बोटाला कोमट लागतो, मग प्लास्टिकचा वास येतो, आणि एक दिवस तो चालू राहतो तो राहतोच. आत संपर्क चिकटलेले असतात.

रिले हे यावरचं उत्तर. ती काडेपेटीहून लहान काळी डबी. आत एक गुंडाळी असते. तिला अँपिअरचा पाचवा-सहावा भाग पुरतो. स्विचमधून फक्त तेवढा प्रवाह जातो, गुंडाळी 'टक' करते आणि जाड संपर्क जोडून बारला बॅटरीतून सरळ वीज देते. स्विच थंड, वायर आखूड, दिवा प्रखर. पॅनेलवरचं बटण दाबल्यावर बोनेटखालून बारीक 'टक' ऐकू आलं, तर निम्मं काम बरोबर झालं आहे.

डबीच्या पोटाशी आकडे असतात: ३०, ८५, ८६, ८७. नवशिक्या ते अँपिअर समजतो आणि ८७ मोठा म्हणून तिथे मोठी वायर जोडतो. हे आकडे डीआयएन ७२५५२ या जर्मन मानकातले आहेत आणि ती फक्त टोकांची नावं आहेत. ३० म्हणजे बॅटरीकडून, अर्थात फ्यूजमधून, येणारं प्लस. ८७ म्हणजे दिव्याकडे जाणारं. ८५ आणि ८६ ही गुंडाळीची दोन टोकं. एकावर स्विचकडून प्लस, दुसऱ्यावर अर्थ. साध्या रिलेत ही दोन उलटसुलट चालतात. आत डायोड असेल तर चालत नाहीत. तेव्हा ८६ ला प्लस द्यायचं आणि डबीवर छापलेलं चित्र एकदा बघायचं.

पाच पायांची रिले आणली तर मधोमध एक पाय जास्त असतो, ८७ए. हा पाय रिले बंद असताना जोडलेला असतो. त्याच्यावर दिवा जोडला की स्विच बंद केल्यावर बार पेटतो आणि चालू केल्यावर विझतो. असं काम करून देणाऱ्या कारागिराला विचारलं तर तो पाना पुसत म्हणतो, "साहेब, उलटा वापरायचा." यावर हसू नये. रात्री गाडी बंद करून, किल्ली घेऊन, स्विच 'बंद' करून तुम्ही झोपायला जाता. बार दहा अँपिअर खातो, बॅटरी साठ-पासष्ट अँपिअर-अवरची. सहा तासांनी धक्का मारायला सोसायटीतले कोण कोण उठलेत ते बघायचं.

स्विचला प्लस कुठून द्यायचं, हाही याच रात्रीचा प्रश्न आहे. किल्ली फिरवल्यावरच जिवंत होणाऱ्या फ्यूजवरून घ्यावं. त्यासाठी फ्यूजच्या जागी बसणारा आणि दुसऱ्या फ्यूजला जागा देणारा टॅप मिळतो. मूळ वायर कापावी लागत नाही. हे महत्त्वाचं आहे, कारण आजच्या गाडीत दिव्यांच्या वायरी एका संगणकाच्या देखरेखीखाली असतात. हेडलाइटच्या वायरीला मधेच चावा घेतला की तो भलत्याच दिव्याची तक्रार डॅशवर लावतो, आणि सर्व्हिस सेंटरमधला सल्लागार कापलेली वायर बघून वॉरंटीच्या कागदावर असं काही लिहितो की ते वाचून डोळ्यांत पाणी येतं. तंबूतल्या दिव्याला किंवा फ्रिजला मात्र किल्ली नसतानाही वीज हवी असते. त्यांची वायर वेगळी ओढा, आणि बॅटरी एका मर्यादेखाली गेली की तोडणारं यंत्र मध्ये बसवा.

पायरी सहावी: फायरवॉलचं भोक

बोनेट आणि केबिन यांच्यामधल्या पत्र्यातून वायर आत आणायची आहे. ड्रिल मशीन घरात असेल तर ते कपाटातच राहू द्या. कंपनीच्या वायरींचा जाड जुडगा जिथून आत येतो तिथे मोठा रबरी ग्रॉमेट असतो. त्याच्या कडेला टोच्याने बारीक वाट करून छत्रीची जुनी काडी पलीकडे सरकवा, काडीच्या टोकाला वायर टेपने बांधा आणि आतून ओढा. या कामाला छत्रीच्या काडीइतकं नेमकं हत्यार कुठल्या किटमध्ये येत नाही. भोक पाडणं अगदीच भाग असेल तर पलीकडे ब्रेकची नळी नाही ना, ते आधी बघा आणि नव्या भोकाला ग्रॉमेट लावा. उघड्या पत्र्याची धार वायर एका पावसाळ्यात सोलते. प्रत्येक खड्ड्यात एक ओरखडा.

आत शिरण्याआधी वायरला थोडा झोल द्या, म्हणजे पावसाचं पाणी वायरीवरून आत न येता झोलाच्या तळाशी ठिबकेल. रिले पाय खाली करून लावा, तेही पाण्यापासून शक्य तितके उंच. थार ६५० मिलीमीटर पाण्यातून जाते असं कंपनी सांगते. तुमच्या रिलेबद्दल तिने काही सांगितलेलं नाही.

बॅटरीचं निगेटिव्ह टोक सर्वांत आधी सोडवायचं आणि सर्वांत शेवटी जोडायचं. गाडीचा सगळा पत्रा निगेटिव्हला जोडलेला असतो. प्लस सोडवताना पाना पत्र्याला टेकला तर ठिणग्या उडतात. निगेटिव्ह सोडवताना टेकला तर काहीच होत नाही. बोटातली अंगठीही काढून ठेवा.

आणि अर्थ. दिव्याचं निम्मं दुखणं अर्थमध्ये असतं, आणि नवशिक्या तो रंगवलेल्या पत्र्यावर स्क्रूने आवळून मोकळा होतो. रंगातून वीज जात नाही. स्क्रूच्या आट्यांपुरता संपर्क होतो, दिवा लुकलुकतो, पावसात विझतो, वाळल्यावर परत पेटतो, आणि मालक त्याला 'मूडी' म्हणतो. बोल्टखालचा रंग सॅंडपेपरने खरवडून लखलखीत करा, दातेरी वॉशर घाला, लग आवळा आणि वरून ग्रीस फासा. कोकणात वरचेवर जाणाऱ्यांनी ग्रीस सढळ हाताने फासावं. खाऱ्या हवेत तांब्यावर हिरवं चढायला वेळ लागत नाही.

जोड कसे करायचे? दाताने वायर सोलायची, दोन टोकं एकमेकांत पिळायची, वर काळी टेप गुंडाळायची: ही परंपरागत पद्धत, आणि पार्किंगमध्ये उभ्या गाडीसाठी ती पुरेशी आहे. चालत्या गाडीत टेपचा गोंद उन्हाळ्यात पाघळतो, टेप सुटून लोंबते आणि उघडा जोड कशालातरी टेकतो. नुसतं सोल्डर केलं तर वायर त्या जागी काठीसारखी ताठ होते आणि हादऱ्यांनी ताठ भाग संपतो तिथे तुटते. लग घ्या, क्रिंपिंगच्या पक्कडीने दाबा, नंतर हाताने जोरात ओढून बघा. निघाला तर बरंच झालं, आत्ताच निघाला. मग आतून गोंद असलेली श्रिंक स्लीव्ह, आणि सबंध वायरीवर पन्हाळीदार पाइप. उंदरांचं काय करायचं ते प्रत्येकाने आपापल्या पार्किंगप्रमाणे ठरवावं. बोनेटखाली तंबाखूच्या पानाची पुडी ठेवणारे पुष्कळ आहेत, आणि ती पुडी ड्रायव्हरच खातो अशीही उदाहरणं आहेत.

पायरी सातवी: उद्घाटन

उद्घाटन संध्याकाळी, सोसायटीतली मुलं खाली असताना करतात. करा. पण त्याआधी दुपारी एकेक स्विच दहा मिनिटं चालू ठेवून वायर, फ्यूजची बैठक आणि रिले यांना हात लावून बघा. कोमट चालेल, हात झटकन मागे आला तर जोड ढिला आहे किंवा वायर बारीक आहे. मल्टिमीटर बॅटरीवर धरा: इंजिन बंद असताना १२.६ व्होल्टच्या आसपास, चालू असताना १३.८ ते १४.४. सगळे दिवे लावल्यावर चालू इंजिनवरही आकडा तेराखाली घसरत असेल तर अल्टरनेटर पुरत नाही. मग एक दिवा कमी करा किंवा एक बढाई.

खरोखर जंगलात जाणाऱ्यांच्या गाड्या एकदा जवळून बघाव्यात. इगतपुरीला महिंद्राची ऑफ-रोड प्रशिक्षण अकादमी आहे. गोव्यात २०१४ साली भर पावसाळ्यातली रेनफॉरेस्ट चॅलेंज ही ऑफ-रोड स्पर्धा सुरू झाली. चिखलात बोनेटपर्यंत रुतणाऱ्या असल्या गाड्यांत स्विच मोजके असतात, मोठे असतात, चिखलाने माखलेल्या हाताने दाबता येतात, आणि प्रत्येकावर काय आहे ते लिहिलेलं असतं. झॉम्बी नसतो.

राहता राहिला कायदा. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या ५२ व्या कलमाने गाडीच्या मूळ रचनेत परस्पर फेरफार करता येत नाही. पुढचा लोखंडी क्रॅश गार्ड तर केंद्राने २०१७ साली नाव घेऊन बेकायदा ठरवला, आणि तुमचे निम्मे दिवे बहुधा त्याच्यावरच लटकलेले असतात. वायरिंगमुळे आग लागली तर विमा कंपनी हात वर करू शकते. तेव्हा बार लावायचाच असेल तर तो खाजगी जागेत, चिखलाच्या वाटेवर पेटवण्यापुरता.

ग्लोव्ह बॉक्समध्ये प्रत्येक रंगाचे दोन फ्यूज, एक जादा रिले आणि कुठली वायर कुठे जाते त्याचा हाताने काढलेला कागद ठेवा. गाडी रस्त्याला लागायच्या आधी बार बंद करा आणि त्यावर झाकण चढवा. ताम्हिणी घाटात समोरून येणाऱ्या एसटीच्या ड्रायव्हरला त्या उजेडात तुमचे आठ स्विच दिसत नाहीत, आणि शेजारची दरीही दिसत नाही.